काचेत जाळं दिसतंय, पॉलिश मारू का?

प्रश्न : सर, मी बारामतीला फ्लाइंग शिकतोय, सेसना १७२ ह्या छोट्या विमानावर. धूळ फार येते म्हणून गेले चार महिने रोज सॉर्टीच्या, म्हणजे उड्डाणाच्या आधी पुढच्या काचेवर कारचा ग्लास क्लीनर मारून टिश्यूनं पुसतो. परवा संध्याकाळी लँडिंगला सूर्य समोर आला आणि काचेत बारीक चंदेरी रेषा चमकायला लागल्या, रनवेच धूसर झाला. पॉलिश मारलं तर जाईल का?

उत्तर : पॉलिशला हात लावू नकोस बाबा, आधी टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, स्नॅग (बिघाड) लिही आणि एएमईला, म्हणजे विमानाच्या मेंटेनन्स इंजिनिअरला दाखव. आपण काच म्हणतो पण ती काच नाहीच, अ‍ॅक्रिलिक आहे, म्हणजे प्लास्टिक. कारच्या क्लीनरमध्ये बऱ्याचदा अमोनिया नाहीतर अल्कोहोल असतं, ते अ‍ॅक्रिलिकच्या आत शिरतं आणि बारीक बारीक चिरा पडतात, त्याला क्रेझिंग म्हणतात. रेषेवरून नख फिरवून बघ, नख अडकलं तर तो वरचा ओरखडा, हलका असेल तर एएमई पॉलिशनं काढू शकतो, पण नखाला काहीच लागत नसेल आणि रेषा आतून चमकत असतील तर बहुतेक क्रेझिंगच, ते घासून जात नाही आणि जास्त असेल तर काच बदलावीच लागते.

ह्यापुढे एवढंच कर. अंगठी घड्याळ काढून ठेव, आधी भरपूर स्वच्छ पाणी सोड म्हणजे माती स्वतःच वाहून जाईल, मग सौम्य साबणाचं पाणी घेऊन उघड्या हातानंच काच धू, कारण फडक्याखाली अडकलेला वाळूचा कण कळत नाही, बोटाला लगेच टोचतो. परत पाणी, मग मऊ सुती फडक्यानं टिपून घे. कोरडी काच कधीच पुसायची नाही, ओरखडे तर पडतातच, वर स्टॅटिक वीज तयार होऊन काच आणखी धूळ ओढून घेते. टिश्यू, वर्तमानपत्र, पेट्रोल, थिनर सगळं बंद. आणि हेडसेट काढून काचेखाली पॅनलवर ठेवायची बऱ्याच मुलांना सवय असते, तीही मोड, काच घासली जाते आणि हेडसेटमधल्या चुंबकानं कंपास हलतो ते वेगळंच.

प्रश्न : थंडीत सकाळी केबिन हीट लावली की माझं डोकं दुखतं. झोप कमी झाली म्हणून असेल का?

उत्तर : झोपेवर ढकलू नका ताई, मला ह्या प्रश्नाची खरंच काळजी वाटली. सेसना १७२ सारख्या विमानात हीटरची हवा एक्झॉस्टच्या मफलरभोवती फिरून गरम होते आणि केबिनमध्ये येते, मफलरला चीर गेली तर त्याच हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला स्वतःचा वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, सुस्ती, साधी बेरीज चुकणं, अशी सुरुवात होते. असं झालं की हीट बंद, व्हेंट आणि खिडकी उघडा, इन्स्ट्रक्टरला लगेच सांगा, खाली उतरा आणि डॉक्टरकडे जा. मफलर तपासल्याशिवाय ते विमान परत उडवू नका. पॅनलवर डिटेक्टर कार्ड असेल तर ठिपका काळवंडलाय का ते बघाच, पण त्यावरची तारीखही बघा, मुदत संपलेलं कार्ड गोरंगोमटंच दिसत राहतं.

प्रश्न : सीट पुढे घेतल्यावर कधी कधी खट आवाज येत नाही, चालतं का?

उत्तर : अजिबात नाही. टेकऑफला सीट मागे सरकली की माणूस आधारासाठी योक, म्हणजे विमानाचं हँडल, धरतो, योक मागे येतो आणि नाक वर जातं. सेसनाच्या सीट रेलच्या, म्हणजे सीट ज्यावर सरकते त्या पट्टीच्या, तपासणीसाठी अमेरिकेच्या एफएए ह्या विमान वाहतूक नियामक संस्थेनं १९८७ मध्येच एडी, म्हणजे सक्तीचा सुरक्षा आदेश, काढली होती. सीट लावली की पाय रोवून पुढे-मागे जोरात हलवून बघायची, रेलच्या भोकांत माती बसली असेल तर सीट अडकवणारी पिन पूर्ण जात नाही, व्हॅक्यूमनं ती काढून घे. तरीही खट झालं नाही तर भोक किंवा पिन झिजलीय का ते एएमई बघेल, तोपर्यंत इंजिन स्टार्ट करायचं नाही.