‘बळी गेला’ की ‘स्वतःला अर्पण केले’? आणि ‘तारण’ म्हणजे गहाण का?

प्रश्न असा आहे: कॅथलिक लेखनाचे मराठी करताना ख्रिस्ताविषयी ‘बळी गेला’ लिहावे, ‘बळी दिला’ लिहावे की ‘बलिदान केले’? शिवाय ‘तारण’ म्हणजे कर्जापोटी ठेवतात ते गहाण. मग ते धर्मात कसे?

पहिल्या प्रश्नाची गोम क्रियापदात आहे. ‘बळी गेला’ म्हटले की मराठी कानाला पूर, साथ, अपघात आठवतो. मरणाऱ्याच्या इच्छेला त्यात जागाच नसते. ‘बळी दिला’ म्हटले की देणारा वेगळा आणि दिला जाणारा वेगळा. कॅथलिक शिकवण या दोन्हींत मावत नाही. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात (१०:१८) येशू सांगतो की माझा प्राण कोणी हिरावून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. अर्पण करणारा याजक तोच, बळीही तोच. म्हणून ‘स्वतःला अर्पण केले’ हेच सर्वांत निर्धोक. नाम हवे तर ‘आत्मार्पण’. ‘बलिदान’ चुकीचे नाही, पण हुतात्म्यांमुळे ‘कार्यासाठी मरण’ हा अर्थ त्याला इतका चिकटलाय की ‘देवाला’ हा शब्द सोबत हवाच.

मूळ शब्दांत तर मरणावर भर नाही. लॅटिन ‘साक्रिफिकियुम’मध्ये ‘पवित्र करणे’ आहे आणि हिब्रू ‘कोरबान’च्या (अर्पण) धातूत ‘जवळ येणे’. बायबलातल्या लेवीय ग्रंथात तेल घातलेले पीठही कोरबानच. आपल्याकडचा काकबळी आठवा, तिथे बळी म्हणजे भातच असतो. पण आजचा ‘बळी’ वाचकाला रक्ताकडेच खेचतो.

सर्वांत गंभीर चूक मिस्सेबद्दल, म्हणजे वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याच्या कॅथलिक उपासनाविधीबद्दल, लिहिताना होते: ‘मिस्सेत ख्रिस्ताचा पुन्हा बळी दिला जातो.’ इथला ‘पुन्हा’ काढलाच पाहिजे. कॅथलिक चर्चच्या त्रेंत परिषदेने १५६२ मध्ये स्पष्ट केले की बळी तोच, अर्पण करणाराही तोच, फरक फक्त रीतीचा: क्रुसावर रक्त सांडून, वेदीवर रक्त न सांडता. ‘क्रुसावरचे तेच बलिदान वेदीवर उपस्थित होते’ असे लिहावे.

याच विधीत धर्मगुरू लोकांना प्रार्थना करायला सांगतात, तेव्हा लॅटिनमध्ये ‘माझे आणि तुमचे बलिदान’ असे शब्द आहेत. त्याचे ‘आपले बलिदान’ करून टाकले की एक बारीक पण मोलाचा भेद पुसला जातो. जमलेली माणसे प्रेक्षक नाहीत, त्यांचेही अर्पण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४च्या ‘लुमेन जेंतियुम’ या दस्तऐवजात (क्र. ३४) ते काय हे सांगितले आहे: प्रार्थना, संसार, रोजचे काम, विश्रांती, धीराने सोसलेले कष्टसुद्धा. म्हणून शब्दही वेगळे ठेवावेत: भाकर आणि द्राक्षारस यांचे ‘अर्पण’, पण माणसाने स्वतःचे करायचे ते ‘समर्पण’. रोमकरांस पत्रातला (१२:१) ‘जिवंत यज्ञ’ तो हाच.

आता ‘तारण’. धर्मभाषेतले तारण ‘तारणे’ या क्रियापदाचे: बुडू न देणे, पैलतीरी नेणे. लॅटिन ‘साल्वातियो’ला ते छान बसते. ‘रेदेम्प्तियो’ मात्र वेगळा, त्याचा अर्थ मोल देऊन परत मिळवणे. त्या एका कल्पनेसाठी मराठी बायबलात ‘खंडणी भरून मिळवलेली मुक्ती’ एवढा मोठा शब्दसमूह लागतो. अर्थ अचूक आहे, पण आजच्या वाचकाला खंडणी म्हटले की गुंड दिसतो आणि तो विचारतो, ही भरली कोणाला? सैतानाला, असे काही प्राचीन लेखक मानत. अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडित संत अ‍ॅन्सेल्मने ते खोडून काढले. म्हणून मी ‘मोल देऊन केलेली सोडवणूक’ सुचवेन.

गंमत म्हणजे पैसे भरून गहाण सोडवण्याचे चित्र ‘रेदेम्प्तियो’लाच जवळचे आहे. तरीही तिथे ‘तारण’ वापरू नये, कारण एकाच वाक्यात दोन्ही कल्पना आल्या की गोंधळ होतो. तिथे ‘सोडवणूक आणि तारण’ असे दोन शब्द वेगळे ठेवावेत.