‘आधी थिअरी, मग ट्रॅक’ म्हणत आठ महिने गेले

गेल्या मे महिन्यात नागपुरातल्या नंदनवनकडून एक मुलगा आईसोबत धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीवर आला. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी त्याची परवानगी घेतली आहे.) आईची तक्रार होती, रात्री तीन-तीन वाजेपर्यंत हेडफोन लावून बसतो. आई बाहेर गेल्यावर त्याने स्वतःची सांगितली. "मॅडम, आठ महिन्यांपासून इलेक्ट्रॉनिक म्युझिक शिकून राहिलो, पण एकही ट्रॅक पूर्ण नाही झाला. थिअरी पक्की झाल्याशिवाय कसा होणार?"

हल्ली ही काळजी घेऊन येणारी मुलं वाढली आहेत. लॅपटॉपवर संगीत करू पाहणाऱ्यांची तर हमखास हीच असते: आपण लहानपणी शिकलो नाही, आता उशीर झाला, आधी थिअरी, म्हणजे संगीताचं शास्त्र, सगळं शिकून घेऊ.

त्याने वही दाखवली. पट्टीने आखलेली पानं, बारा सुरांचं वर्तुळ पाच रंगांच्या पेनांनी काढलेलं, प्रत्येक स्केलची, म्हणजे सुरांच्या ठरावीक संचाची, सूत्रं. इतकी मेहनत करणाऱ्या मुलाला आळशी म्हणणं अन्यायच. मी विचारलं, "यातलं कुठलं पान ट्रॅकमध्ये वापरलंस?" तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. लॅपटॉपमध्ये आठ-आठ बारचे (ठेक्याच्या आवर्तनांचे) चाळीसेक तुकडे पडून होते.

"कुणाला ऐकवलेस?"

"नाही. एका मित्राला यातलं कळतं. तो म्हणेल, स्केल चुकलं."

मला वाटतं, खरी गाठ इथे होती. थिअरी त्याच्यासाठी ढाल झाली होती. ‘अजून शिकतोय’ म्हणेपर्यंत कोणी चूक दाखवू शकत नाही. अशा वेळी ‘सोड रे थिअरी, मनापासून कर’ हा सल्ला मी देत नाही, कारण तो खरा नाही. थिअरी उपयोगाची आहे. फक्त ती कुठून सुरू करायची, हे अडलेला तुकडाच सांगतो.

म्हणून म्हटलं, सगळ्यांत आवडता तुकडा लाव. कूलर बंद केला. मे महिन्यात ते सोपं नाही, पण त्याच्या घरघरीत बेस, म्हणजे खालचे जाड सूर, ऐकू आला नसता. सुरावट गोड होती. खालचा बेस मात्र तिला खुपत होता. "हेच होतं मॅडम, काहीतरी चुकतं आणि मी बंद करतो."

मी संगीताची शिक्षिका नाही. लहानपणी पेटी शिकले, तेवढंच. पण त्याची आजी भजनाला पेटी वाजवते, असं त्यानेच सांगितलं होतं. म्हटलं, "आजी गायला बसते तेव्हा पहिल्यांदा काय करते?"

"सा धरते."

"मग तुझ्या सुरावटीचा सा कुठे आहे? सूर येऊन कुठे टेकतो, तो नुसता गुणगुण."

त्याने डोळे मिटून गुणगुणला आणि पियानो रोलवर, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावरच्या सुरांच्या पट्ट्यांवर, शोधला. काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी. बेस होता पांढरी सहावर, म्हणजे एकच घर (लगतची पट्टी) वर. कारण विचारलं तर म्हणाला, व्हिडिओंमध्ये सगळे ए मायनरपासूनच, म्हणजे पांढरी सहाला सा धरूनच, शिकवतात. बरोबरच आहे. ए मायनरला सगळ्या पांढऱ्या पट्ट्या लागतात, नवशिक्याला सोपं पडतं. पण काळी चार सा धरला तर पांढरी सहा हा कोमल रे होतो, आणि तो त्या सुरावटीत नव्हताच. कानाने सुरावट बरोबर रचली होती. वहीतलं वाचून बेस चुकला होता.

त्याने बेस एक घर खाली ओढला. चेहरा बघण्यासारखा झाला.

मग वही उघडली, पण एकच पान. ग, ध, नी कोमल असलेला आपला आसावरी थाट म्हणजेच त्याच्या वहीतलं नॅचरल मायनर. सा पासून तीन घरं वर कोमल ग, तिथून चार घरं वर प. तिन्ही एकत्र वाजवले की मायनर कॉर्ड. एवढ्यावर महिनाभर काम होतं. राग आणि मशीन ही दोन वेगळी जगं आहेत असं त्याला वाटत होतं. त्याला चरणजित सिंग यांच्याबद्दल सांगितलं. १९८२ मध्ये या मुंबईच्या वादकाने रोलँडच्या टीबी-३०३ (बेसचं यंत्र) आणि टीआर-८०८ (ड्रमचं यंत्र) यांच्या साथीने डिस्कोच्या ठेक्यात सिंथेसायझरवर राग वाजवले होते. तो रात्री ते ऐकत बसला, हे आईनेच नंतर सांगितलं.

आमचं ठरलं ते असं: रोज एक तास, त्यातली वीस मिनिटं वही, बाकी वेळ ट्रॅक. जिथे अडेल तेवढंच वाचायचं. रात्री बारानंतर लॅपटॉप बंद. महिन्याअखेरीस एक तुकडा दोन मिनिटांचा करून त्या मित्राला पाठवायचा, कसाही असो. शेवटच्या अटीवर तो अडून बसला. दोन भेटी त्यातच गेल्या. मीही घाई केली नाही. ज्याला जाझची हार्मनी किंवा सिनेमाचं पार्श्वसंगीत करायचं आहे त्याने शिक्षक गाठून रीतसर शिकावंच, हेही त्याला सांगितलं. पण त्याला तूर्त एक ट्रॅक संपवायचा होता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला तो पावसात भिजून. ट्रॅक पाठवला होता. मित्राचं उत्तर त्याने वहीत उतरवून आणलं होतं: किक (ड्रमचा खालचा ठोका) आणि बेस एकमेकांवर चढतात, खालचा आवाज गढूळ होतो, जागा वाटून दे. खाली त्याच्या अक्षरात ‘हे कसं करायचं?’

"मॅडम," तो म्हणाला, "स्केलचं तर तो काहीच नाही बोलला."