लष्कराच्या घड्याळात अठरा का वाजतात?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नुकताच सैन्यात भरती झाला. आता तो घरच्यांनाही 'आज १८३० ला फोन करतो' असं लिहून पाठवतो आणि आई विचारत बसते, म्हणजे नक्की किती वाजता? आपण सकाळी सहा, संध्याकाळी सहा म्हणतोच की, त्यात कुणाचा घोटाळा होत नाही. मग सैन्याला हे वेगळं घड्याळ कशाला लागतं? हा केवळ शिस्तीचा भाग आहे का?

उत्तर : आईंना आधी सांगा, संध्याकाळी साडेसहा. तासाचा आकडा तेरा किंवा त्याहून मोठा असेल तर त्यातून बारा वजा करायचे, बस.

आणि नाही, हा शिस्तीचा भाग नाही. मी सिग्नल्समध्ये नोकरी केली. संदेश घ्यायचा आणि पुढे धाडायचा, हेच काम. त्यामुळे याचं उत्तर मला त्या टेबलावरूनच द्यावंसं वाटतं. घरात 'सहा वाजता ये' म्हटलं की ऐकणाऱ्याला बाकीचं सगळं ठाऊक असतं. कोण बोलतंय, कशासाठी बोलावतंय, बाहेर उजाडलंय की दिवेलागण झालीय. लष्करी आदेशाला यातला कसलाच आधार नसतो. आदेश देणारा एक, लिहून घेणारा दुसरा, पाठवणारा तिसरा, वाटेत एखादं रिले केंद्र, आणि ज्याला तो पाळायचा तो दूर कुठेतरी, कदाचित नुकताच झोपेतून उठवलेला. त्याच्या हातात फक्त मजकूर पडतो. त्या मजकुरातून एकच अर्थ निघाला पाहिजे.

आता बारा तासांच्या पद्धतीत काय होतं पाहा. 'सहा' आणि 'पीएम' हे दोन सुटे तुकडे. खरखरणाऱ्या लाइनवर 'पीएम' गळालं तर उरतं नुसतं 'सहा वाजता', आणि ते वाक्य अगदी धडधाकट दिसतं. काही हरवलंय अशी शंकाही कुणाला येत नाही. उलट १८०० मधला एक आकडा गळाला तर हाती तीनच राहतात, आणि लष्करी वेळ ही कायम चार आकडी. पहाटे साडेपाच हेसुद्धा ०५३० असंच लिहायचं, पुढचं शून्य सोडायचं नाही. तीन आकडे आले की ऑपरेटर तिथल्या तिथे 'पुन्हा सांगा' म्हणतो. चोवीस तासांच्या पद्धतीचे फायदे लोक हिशेबाच्या सोयीपासून मोजायला लागतात. मला विचाराल तर पहिला मान या गोष्टीला द्यायला हवा, की इथे तुटलेली वेळ तुटलेली दिसते.

बोलतानाही तीच काळजी. बिनतारी यंत्रावर 'फाइव्ह' आणि 'नाइन' जवळजवळ सारखे ऐकू येतात, म्हणून शिकलेला ऑपरेटर 'फाइफ' आणि 'नाइनर' असे उच्चार करतो. शेवटी 'अवर्स' म्हटलं की वेळ सांगून संपली, हे ऐकणाऱ्याला कळतं.

संदेशाच्या छापील कागदावर वरच एक रकाना असतो. त्यात तारखेचे दोन आणि वेळेचे चार असे सहा आकडे सलग लिहितात. २१२३४० म्हणजे २१ तारीख, २३४० ची वेळ. संदेश जिथे तयार झाला तिथली ही वेळ. घेणारा खाली पोचल्याची वेळ टाकतो, समजा २२००२५. दोन्हींकडे नजर टाकली की संदेश पाऊण तास कुठेतरी अडकला होता, हे लगेच कळतं. हेच ११:४० आणि १२:२५ असं लिहिलं असतं तर रात्र की दिवस, आजची की उद्याची, हे शोधत बसावं लागलं असतं. बारा तासांच्या क्रमात तर बारा पंचवीस हे एकच्या आधी येतात! नोंदवही चाळणाऱ्याचा वैताग होतो. चोवीस तासांत आकडा दिवसभर चढतच जातो, त्यामुळे नोंदी आपोआप रांगेत राहतात. वजाबाकी करताना मात्र तास आणि मिनिटं वेगळी धरायची. ०५३० ते १९१५ हे अंतर पावणेचौदा तासांचं, १३८५ असं काही नव्हे.

ही पद्धत सैन्याने शोधलेली नाही. चोवीस तासांच्या तबकड्या युरोपातल्या जुन्या खगोलघड्याळांवर आहेत, प्रागचं घड्याळ १४१० सालचं. पुढे रेल्वेने हा विषय ऐरणीवर आणला. कॅनडाचे अभियंते सँडफोर्ड फ्लेमिंग यांची १८७६ मध्ये आयर्लंडमध्ये गाडी चुकली, कारण वेळापत्रकात 'एएम'च्या जागी 'पीएम' छापलं गेलं होतं. एका अक्षराची चूक. प्रमाणवेळेसाठी आणि चोवीस तासांच्या घड्याळासाठी फ्लेमिंग पुढे वर्षानुवर्षं झटले. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जागतिक दिवस ग्रीनिचच्या मध्यरात्री सुरू करून शून्य ते चोवीस असा मोजावा, असा ठराव केला.

सैन्यांना याची निकड जाणवली ती पहिल्या महायुद्धात. खंदकांच्या लढाईत दिवसा डोकं वर काढणं धोक्याचं, त्यामुळे तुकड्या बदलणं, रसद पोचवणं, खोदकाम हे सगळं रात्रीवर गेलं. घड्याळाचे दोन्ही फेरे सारखेच कामाचे झाले. ७ जून १९१७ रोजी बेल्जियममध्ये मेसीन इथे जर्मन फळीखाली पुरलेले १९ सुरुंग ब्रिटिशांनी पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी उडवले आणि त्याच वेळी तोफखाना सुरू झाला. एवढ्या माणसांची घड्याळं मिनिटाला मिनिट जुळवायची, तर वेळ लिहिण्याची रीतही एकच हवी. ब्रिटिश नौदलाने चोवीस तासांची पद्धत १९१५ मध्ये घेतली होती, ब्रिटिश लष्कराने १९१८ मध्ये. अमेरिकेचं नौदल १९२० मध्ये आलं, त्यांच्या लष्कराला मात्र १९४२ उजाडावं लागलं.

प्रश्न : लष्करी वेळेच्या शेवटी कधी कधी 'झुलू' असं म्हणतात, ते काय?

उत्तर : झेड हे अक्षर रेडिओवर 'झुलू' असं सांगतात. पृथ्वीच्या वेळपट्ट्यांना अक्षरं दिलेली आहेत आणि ग्रीनिचच्या पट्टीला झेड आहे. चार आकडे 'सकाळ की संध्याकाळ' हा घोळ मिटवतात, पण 'कुठली सकाळ' हा उरतोच, तो हे अक्षर मिटवतं. पर्ल हार्बरचं उदाहरण घ्या. हल्ला सुरू झाला तेव्हा हवाईत ७ डिसेंबर १९४१ ची सकाळ होती, साधारण ०७५५. टोकियोत ८ तारखेचे ०३२५ झाले होते. जपानी ताफा टोकियोच्या वेळेवर चालत होता आणि त्याला मिळालेल्या सांकेतिक आदेशात '१२०८', म्हणजे बाराव्या महिन्याची आठ तारीख होती. दोन्ही बाजूंच्या नोंदी शेजारी ठेवल्या तर तारखासुद्धा जुळत नाहीत. झुलूत ती वेळ एकच, ०७१८२५. वैमानिकांचे हवामान अहवालही याच वेळेत निघतात, आणि जिथे विमान एका उड्डाणात अनेक पट्ट्या ओलांडतं तिथे दुसरा मार्ग तरी कुठला?

प्रश्न : मध्यरात्र म्हणजे ०००० की २४००?

उत्तर : क्षण एकच, फक्त कुठल्या बाजूने पाहता ते बघायचं. दिवस संपतो तेव्हा २४००, नवा लागतो तेव्हा ००००. जहाजावर २००० ते २४०० हा एक पहारा आणि ०००० ते ०४०० हा पुढचा. जाणारा आपला पहारा २४०० ला संपवतो, येणारा त्याच क्षणी ०००० ला सुरू करतो. मात्र 'शुक्रवारी मध्यरात्री' म्हटलं की गुरुवार-शुक्रवारमधली की शुक्रवार-शनिवारमधली, हा वाद होतोच. म्हणून मुदत ठरवताना जाणकार मध्यरात्र टाळतात. रजा संपवायची तर २३५९ लिहितात, काही सुरू करायचं तर ०००१.