वाचक विचारतात: मराठीत अर्ज दिला, तर उत्तर मराठीत का नाही?

प्रश्न: माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. तिथे स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांसाठी राज्य सरकारचाच आयोग आहे, असे तो सांगतो. गोव्यात आम्हा मराठी भाषकांना असा आधार कुठे मिळेल? (एक वाचक, साखळी)

उत्तर: भाचा खरे सांगतो. ओहायोच्या विधिमंडळाने १९७७ साली हा आयोग स्थापला. त्यावर ११ सदस्य असतात आणि त्यांना गव्हर्नर नेमतात. वॉशिंग्टन राज्यातला आयोग त्याहूनही जुना, १९७१चा. तो सुरुवातीला मेक्सिकन वंशाच्या रहिवाशांपुरता होता. हे आयोग समाजाच्या अडचणी समजून घेतात, गव्हर्नर, विधिमंडळ आणि सरकारी खाती यांना सल्ला देतात, माणसाला योग्य खात्यापर्यंत पोचवतात. एखाद्या कचेरीला हुकूम सोडण्याचा अधिकार मात्र त्यांना नसतो. भाषेचा पक्का हक्क तिथेही कायद्यातूनच येतो. उदाहरणार्थ, १९७५ साली मतदान हक्क कायद्यात दुरुस्ती झाली. इंग्रजी नीट न येणारे, कायद्याने ठरवलेल्या एखाद्या भाषेचे मतदार ठरावीक प्रमाणात असतील, तर त्या भागात मतपत्रिका त्यांच्या भाषेतही द्यावी लागते.

आपल्याकडे हे काम राज्यघटनेच्या ३५०-ब कलमाने केंद्राच्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे दिले आहे. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने हे कलम आले. आयुक्तांची नेमणूक राष्ट्रपती करतात, आणि त्यांचा अहवाल संसदेपुढे ठेवला जातो व राज्यांकडे पाठवला जातो. भाषिक अल्पसंख्याक कोण, हे राज्यागणिक ठरते. त्यामुळे महाराष्ट्रात बहुसंख्य असलेला मराठी भाषक गोव्यात अल्पसंख्याक ठरतो. २०११च्या जनगणनेत गोव्यात कोंकणी मातृभाषा सांगणारे सुमारे ६६ टक्के होते, तर मराठी सांगणारे सुमारे ११ टक्के.

पण खरे सांगायचे तर गोव्यातल्या मराठी भाषकाने पहिली धाव आयुक्तांकडे घेऊ नये. त्याच्या हातात त्याहून जवळचा कायदा आहे. तो पुढच्या प्रश्नात पाहू.

प्रश्न: जमिनीच्या कामासाठी मामलेदार कार्यालयात मराठीत अर्ज नेला. ‘इंग्रजीत करून आणा’ म्हणून तो परत केला. असे करता येते का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर: नाही. गोव्याचा १९८७चा राजभाषा कायदा देवनागरीतल्या कोंकणीला राजभाषा ठरवतो. त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात मराठीही शासकीय कामांसाठी वापरण्याची तरतूद आहे. मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर द्यायचे, हे सरकारचे धोरणही आहे. शिवाय घटनेचे ३५०वे कलम कोणालाही आपले गाऱ्हाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडू देते.

अडचण येते ती अर्ज तोंडी परत केला जातो तेव्हा. कागदावर काहीच उरत नाही, म्हणून पुढे तक्रारही उभी राहत नाही. यासाठी अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवकला द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. क्रमांकाशिवाय नुसता शिक्का अपुरा, कारण पुढे फाइल शोधायची ती क्रमांकावरूनच. टेबलावर घेतच नसतील, तर तोच अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. शेवटी एक ओळ घाला: ‘राजभाषा कायदा १९८७, कलम ३ नुसार उत्तर मराठीत मिळावे.’ ही ओळ नसली की उत्तर सवयीने इंग्रजीत येते.

आता अर्ज घेतला जातो, पण अडतो, त्याबद्दल. गोव्यात बहुतेक वेळा चूक इथेच होते. जमिनीच्या नोंदी रोमन लिपीत आहेत, आणि गावांची नावे पोर्तुगीज वळणाची. आपण डिचोली लिहितो, नोंदीत बिचोलिम असते. आपण साखळी, नोंदीत सांकेलिम. माणसांच्या नावांचेही तसेच: नाईक हे आडनाव रोमनमध्ये दोन-तीन प्रकारे लिहिले जाते, आणि एका अक्षराच्या फरकाने कारकुनाला नोंद सापडत नाही. म्हणून एक-चौदाच्या उताऱ्याची (गोव्यातल्या सातबाऱ्याची) झेरॉक्स जोडा आणि अर्जात ‘सोबतच्या उताऱ्यातील नावाप्रमाणे’ असे लिहा. सर्व्हे नंबर आणि पोटहिस्सा आकड्यांत लिहून पुढे अक्षरांतही लिहा. हाताने लिहिलेला देवनागरी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, ४ इंग्रजी आठसारखा. एका आकड्याने शेजाऱ्याची जमीन पुढे येते.

एवढे करूनही अर्ज नाकारला, तर आधी त्याच खात्याच्या वरिष्ठांकडे आणि पणजीच्या राजभाषा संचालनालयाकडे लिहा. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे त्यानंतर जा. तेव्हा मूळ अर्ज, आवक क्रमांक, नकाराचा कागद किंवा टपालाची पावती जोडा आणि कोणती तरतूद मोडली ते एका वाक्यात सांगा. ‘मराठीवर अन्याय होतो’ एवढेच लिहिले, तर आयुक्तांना राज्याकडे विचारायला काही हाती लागत नाही.

प्रश्न: माहिती अधिकाराचा अर्ज मराठीत चालेल का? (एक वाचक, वाळपई)

उत्तर: २००५च्या कायद्यातले शब्द आहेत: इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. एखादा माहिती अधिकारी ‘राजभाषा म्हणजे कोंकणीच’ असा अर्थ लावू शकतो, म्हणून वर सांगितलेले कलम ३ याही अर्जात लिहा. माहिती तातडीने हवी असेल, तर सोबत इंग्रजी प्रत द्या. त्याने हक्क कमी होत नाही आणि महिना वाचतो. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे तोंडी म्हणणे लिहून घेण्यात मदत करणे अधिकाऱ्याला बंधनकारक आहे. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्यापुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. कागदपत्रे मात्र मूळ ज्या भाषेत आहेत त्याच भाषेत मिळतील. भाषांतर करून देण्याचे बंधन नाही.

प्रश्न: शेजारी कन्नड बोलणारे कुटुंब आहे. त्यांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मागता येते का? (एक वाचक, वास्को)

उत्तर: मागता येते. घटनेचे ३५०-अ कलम त्यासाठीच आहे. १९४९च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेपासून ठरलेले प्रमाण असे: शाळेत त्या भाषेची ४० मुले किंवा एका वर्गात १०. पालकांनी एकेकट्याने जाऊ नये. मुलाचे नाव, इयत्ता, मातृभाषा आणि पालकाची सही अशी यादी करून एकच अर्ज शिक्षण संचालनालयाकडे द्यावा. तो शाळा सुरू होण्याच्या काही महिने आधी द्यावा, कारण शिक्षक आणि पुस्तके जूनमध्ये उभी राहत नाहीत. शेजाऱ्यांना अर्ज लिहायला तुमची मदत होईल.