ऑटोमॅटिक गाडी घाट उतरताना का पळते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एएमटी (क्लच आणि गिअर मशीननं हलवणारी) हॅचबॅक, आत चार माणसं आणि सामान, महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरलात आणि सगळा वेळ गाडी डी (ड्राइव्ह) मध्येच होती. ती सारखी पळायला बघत होती आणि निम्मा घाट उतरेपर्यंत ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आला. मित्र म्हणाला, न्यूट्रलमध्ये उतरव. एम मोडनं, म्हणजे गिअर स्वतः हातानं बदलल्यानं, गिअरबॉक्स लवकर जातो का आणि पुढची गाडी सीव्हीटी (बिनगिअरची ऑटोमॅटिक) घ्यावी का, हेही विचारलंत.

न्यूट्रलचं आधी सांगतो, कारण तो सल्ला जिवावर बेतू शकतो. न्यूट्रल केलं की इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो आणि गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जे अपघात होत आलेत, त्यांच्या बातम्यांत न्यूट्रलमध्ये सोडलेला ट्रक किती वेळा येतो ते पाहा. पेट्रोल वाचतं हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला असताना पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडणंच थांबवतात, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं का होईना पेट्रोल जाळावंच लागतं. उतारावर इंजिन बंद करणं तर त्याहून वाईट. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्युम दोन-चार वेळा ब्रेक दाबला की संपतो, मग पेडल दगडासारखं कडक होतं आणि स्टिअरिंगही जड होतं.

आता डी मध्ये काय झालं ते बघू. गिअर कधी बदलायचा हे गिअरबॉक्सचा संगणक मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरवतो: गाडीचा वेग आणि ॲक्सिलरेटर किती दाबलाय. सपाट रस्त्यावर तुम्ही पाय काढलात की तो समजतो, आता ताकद नकोय, मायलेज हवंय, आणि वरचा गिअर टाकतो. घाट उतरतानाही तुम्ही पाय काढता, आणि तोही तेच समजतो. वळणापाशी तुम्हाला दुसरा गिअर हवा असताना गाडी चौथ्यात गेलेली असते, इंजिन जेमतेम फिरत असतं, त्यामुळे ते गाडीला रोखूच शकत नाही. मग ब्रेक लावायचा, थोडं सोडायचं, पुन्हा लावायचा, असं खालपर्यंत चालतं.

या ब्रेकवर किती ओझं पडतं याचा अंदाज घ्या. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे आणि पोलादपूर त्याहून १,२०० मीटरपेक्षाही जास्त खाली. माणसांसकट १,३०० किलोची गाडी तेवढी खाली येते तेव्हा सुमारे दीड कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. विजेच्या बिलातली ही चार युनिटं झाली. त्यातला बराच वाटा टायर आणि हवा खातात. उरलेली एकतर इंजिनात जिरते, नाहीतर डिस्क आणि ड्रममध्ये उष्णता होऊन साठते. लायनर प्रमाणाबाहेर तापले की त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑइल उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. नवं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं.

इंजिन गाडीला धरतं कसं? पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेची झडप जवळजवळ मिटते आणि पिस्टनना बंद दारातून हवा ओढावी लागते. त्या ओढाओढीत गाडीचा वेग जिरतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जितके जास्त, तितकी पकड जास्त, म्हणून खालचा गिअर. डिझेलमध्ये ही पकड मुळात कमी असते, म्हणून अवजड गाड्यांना इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा वेगळा एक्झॉस्ट ब्रेक असतो.

तुमची एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच आणि गिअर तेवढे मशीन हलवतं. घाटासाठी ही गोष्ट चांगली आहे, कारण क्लच बसलेला असताना इंजिन चाकांशी थेट जोडलेलं असतं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, गिअर बदलताना क्लच क्षणभर सुटतो आणि तेवढ्यात उतारावर गाडी पुढे झेपावते. म्हणून वळणात शिरल्यावर गिअर पाडू नका. सरळ पट्टीवर असतानाच ब्रेकनं वेग कमी करा, एम मध्ये गिअर खाली घ्या आणि मग वळा. दुसरी, वेग फारच कमी झाला की इंजिन बंद पडू नये म्हणून ती स्वतःच क्लच सोडते. घाटात ट्रॅफिक अडकून गाडी मुंगीच्या पावलानं चालली असेल तर तिथे ब्रेकवरच भिस्त. अशा वेळी पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा.

एम मोडनं गिअरबॉक्स खराब होत नाही. तिसऱ्यात किंवा दुसऱ्यात ३,५०० ते ४,००० आरपीएमवर इंजिन घोंघावत असलं तरी घाबरू नका, पेट्रोल इंजिनाला ते सहज झेपतं. आवाज ऐकून पुष्कळ जण घाईनं वरचा गिअर टाकतात, आणि तिथेच ब्रेकवरचं ओझं पुन्हा वाढतं. आरपीएम धोक्याच्या पातळीवर जाणार असतील तर संगणक गिअर खाली घ्यायला नकार देतो. त्याचा अर्थ आधी ब्रेकनं वेग उतरवा. जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. एएमटीवाल्यांनीही तेच पाळावं.

सीव्हीटीत गिअर नसतात, पट्टा आणि पुली असतात, त्यामुळे झेप किंवा धक्का नाही. डी मध्ये मात्र तीही उतारावर इंजिनाचे फेरे कमी ठेवायला बघते. गिअरच्या दांड्यानं एस (स्पोर्ट) किंवा एल (लो) टाकलं की पकड लगेच जाणवते. टॉर्क कन्व्हर्टर हा ऑटोमॅटिकचा आणखी एक प्रकार, त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. दोन्ही थेट जोडणारा आतला लॉक-अप क्लच सुटला की पकड ढिली होते. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये तर डी च्या पहिल्या गिअरला एकाच दिशेनं धरणारा क्लच असायचा. त्यातून इंजिन गाडीला ओढू शके, पण रोखू शकत नसे. एल टाकल्यावरच आतली दुसरी पकड लागायची. बऱ्याच नव्या गाड्या पाय काढूनही वेग वाढतोय हे बघून उतार ओळखतात आणि खालचा गिअर धरून ठेवतात, पण पुढचं वळण किती आवळतंय हे त्यांनाही कळत नाही. डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) उतारावर मॅन्युअलसारखीच धरते, शिवाय गिअर बदलताना जवळजवळ खंड पडत नाही. फक्त घाटासाठी म्हणून गाडी बदलायची गरज मला तरी दिसत नाही. तुमच्या आहे त्या गाडीत हा घाट नीट उतरता येतो.

ब्रेक लावायची पद्धतही बदला. पाय सतत हलका टेकवून ठेवला की लायनरला गार व्हायला उसंत मिळत नाही. एकदा ठामपणे दाबून वेग हवा त्याहून थोडा खाली आणा, पूर्ण सोडा, गिअरला धरू द्या, वेग वाढला की पुन्हा तसंच. वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं तर खालचा गिअर घेऊन सुरक्षित जागी थांबा. तुमच्या वाटेवर वाडा कुंभरोशीला, प्रतापगड फाट्यापाशी, थांबायला जागा आहे. तिथे वीस मिनिटं चहा घ्या. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र ओतू नका.

एकदा वास आलाय, तेव्हा पुढच्या फेरीआधी चाकं काढून लायनर बघून घ्या. ते काचेसारखे चकचकीत झाले असतील तर बदलाच. ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर तेही पूर्ण काढून नवं भरायला सांगा. नुसतं वरून भरलेलं चालणार नाही.