तुकडे पडलेल्या जंगलात माकडं कशी मोजावीत?

तुम्ही विचारलंय की मळे, रस्ते आणि वस्तीमुळे तुकडे पडलेल्या जंगलातल्या माकडांची संख्या ट्रान्सेक्ट चालून, म्हणजे ठरलेल्या सरळ रेषेवरून चालत दिसतील ती माकडं नोंदवून, काढता येते का. माझ्या मते अशा ठिकाणी ट्रान्सेक्टवर विसंबू नये. टोळ्या ओळखाव्यात आणि एकेक टोळी मोजावी.

तमिळनाडूतल्या वालपराई पठारावरचं पुदुतोट्टम घ्या. जेमतेम 92 हेक्टर जंगल, भोवती चहा-कॉफी, आणि त्यात सिंहपुच्छ माकडांच्या अनेक टोळ्या. सलग जंगलात यांच्या एका टोळीचा वावर साधारण एक ते पाच चौरस किलोमीटरचा असतो. इथे अख्खं जंगल एक चौरस किलोमीटरही भरत नाही. मग माकडं मळ्यात, रस्त्यावर, घरांच्या छपरांवर उतरतात. अशा वेळी घनता काढताना भागायचं कशाने? नुसत्या जंगलाच्या 0.92 चौरस किलोमीटरने भागलं तर आकडा फुगतो, आणि तोच आकडा शेजारच्या मोठ्या जंगलाला लावला तर अंदाज पार चुकतो. दाट संख्या म्हणजे सुस्थिती असंही नाही. बरेचदा ती कोंडलेली माकडं असतात.

दुसरी अडचण नोंदींची. रेषेपासूनचं लंब अंतर वापरून हिशेब करायचा तर 60 ते 80 नोंदी तरी लागतात, आणि इथे नोंद म्हणजे टोळी, एकेक माकड नव्हे. दहा किलोमीटरला एक टोळी दिसत असेल तर 60 नोंदींसाठी 600 किलोमीटर चालणं आलं. त्यात शिकार होते तिथे माकडं चाहूल लागताच गुपचूप सटकतात, आणि लोक खायला घालतात तिथे आपणहून जवळ येतात. दोन्हीकडे मोजलेलं अंतर चुकतं: पहिल्यात संख्या कमी निघते, दुसऱ्यात जास्त. जुनी जीपवाटच ट्रान्सेक्ट म्हणून धरली तर फक्त कडेचं जंगल मोजलं जातं.

म्हणून तुकड्याचे 25-30 हेक्टरचे भाग पाडा, प्रत्येक भागात दोघांची जोडी, सगळे एकाच वेळी आत. सकाळी 6 ते 10 आणि दुपारी 3 ते 6, असे निदान पाच दिवस. तासाला किलोमीटरभरच चाला, मधे थांबून कान द्या. फांद्यांची सळसळ आणि खाली पडणारी अर्धवट कुरतडलेली फळं माकडाआधी कळतात. घड्याळं आधी जुळवून घ्या. टोळी दिसली की वेळ, जीपीएस, जाण्याची दिशा, आणि नर, मादी, पिल्लं वेगवेगळी लिहा. संध्याकाळी सगळ्या वह्या समोरासमोर ठेवून एकच टोळी दोनदा धरली गेली का ते तपासा. तुटलेलं बोट, फाटलेला कान, शेपटीच्या गोंड्यातला फरक अशा खुणा इथे उपयोगी पडतात. केवळ लांब अंतरावर दिसल्या म्हणून दोन टोळ्या समजू नका. खात असताना टोळी बरीच पांगते.

टोळीतली डोकी मात्र झाडावर मोजू नका. शेंड्यांमध्ये निम्मी माकडं दिसतच नाहीत. ती रस्ता किंवा झाडांमधली मोकळी जागा ओलांडतात तिथे आधीच जाऊन बसा आणि व्हिडिओ घ्या. ओलांडणं एकेकट्याने, रांगेने होतं. शेवटचं माकड गेलं असं वाटल्यावरही दहा मिनिटं कॅमेरा चालू ठेवा, मागे रेंगाळणारी हमखास असतात. पोटाला चिकटलेली पिल्लं थांबवून थांबवून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. अशा चार-पाच मोजण्यांची सरासरी काढू नका, सर्वांत मोठा आकडा घ्या, कारण इथली चूक जवळजवळ नेहमी कमी मोजण्याचीच असते. फक्त त्या वेळी दुसरी टोळी मिसळली नव्हती ना, हे पाहा.

आसामातल्या हुलॉक गिबनसाठी (झाडांवर राहणारा, बिनशेपटीचा माकडांचा नातलग) पद्धत वेगळी. त्यांच्या जोड्या सकाळी गातात, म्हणून तीन ठिकाणी बसून होकायंत्राने आवाजाची दिशा घेतात आणि रेषा मिळतात तिथे जोडी धरतात. एखाद्या सकाळी जोडी गाण्याची शक्यता 0.6 असेल तर तीन सकाळींत ती निदान एकदा ऐकू येण्याची शक्यता 1 − 0.4³, म्हणजे सुमारे 0.94. वारा-पावसाचा दिवस यात धरू नका. पण जोडीदार गमावलेला गिबन युगलगीत गात नाही आणि या मोजणीतून निसटतो. तुटक्या जंगलात असे एकटे गिबन असू शकतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी पायपीट करावीच लागते.

वनखात्याची परवानगी आधी घ्या. पुढच्या वर्षी तुलना करायची असेल तर महिना, भाग आणि तास तेच ठेवा. वालपराईसारख्या ठिकाणी जानेवारी ते एप्रिल बरा, पावसाळ्यात धुक्यामुळे शेंडेच दिसत नाहीत.