गाडी गावात नेताना मुक्काम कुठं करायचा?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी आणि माझे यजमान दोघंही लॅपटॉपवर काम करणारे. पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडून आम्ही मुलीसह कॅम्परव्हॅनमध्येच राहतो. बिछाना, ओटा, संडास सगळं गाडीतच आहे. यंदा पोळ्यापासून महालक्ष्म्यांपर्यंत सासरी, दारव्हा तालुक्यातल्या गावी जायचं आहे. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "घरात खोली रिकामी असताना गाडीत निजसान तं लोकं म्हणतीन, सुनेले घरात घेतलं नाई." मामाजी, म्हणजे सासरे, तर आम्ही फ्लॅट सोडल्यापासून धड बोलतच नाहीत. गल्ली अरुंद, म्हणून गाडी वावरात लावू असं यजमानांचं म्हणणं. पण गाडी हेच आता आमचं घर आहे. मुलीलाही तिथंच झोप लागते. काय करावं?
— एक वाचक

उत्तर : सासूबाईंच्या बोलण्यात मला राग दिसत नाही, काळजी दिसते. सून पोळ्याला येणार म्हटल्यावर त्यांनी गाद्यांना ऊन दाखवलं असेल, ठेवणीतली चादर काढली असेल. त्या घरापुढे गाडीचं दार लावून झोपलात तर त्यांना लागणारच. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री सगळ्यांनी घरातच निजा. मुलीची उशी आणि पांघरूण तेवढं गाडीतून आत न्या. मग एका संध्याकाळी तुम्ही स्वतः सांगा, "आई, सकाळी लवकर मीटिंग असते, आजपासून आम्ही गाडीत झोपतो." हे यजमानांकरवी कळवू नका. जेवण मात्र शेवटच्या दिवसापर्यंत घरातच. गावात पोहोचल्यावर गाडीतली शेगडी पेटवायचीच नाही, चहालासुद्धा.

माझं माहेर कारंजा लाडजवळ आहे आणि आम्हीही बारा महिने गाडीतच राहतो. आमची गाडी पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा माझी आई चपला खाली काढून आत चढली. ओट्याखालचा एकेक खण ओढून पाहिला. रस्त्यात धक्क्यानं खण उघडू नये म्हणून कडी असते, ती लावून, काढून, परत लावून बघितली. तिखटाच्या डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "हे बाजारचं होय." घरात गेली, स्वतः कुटलेल्या तिखटाची बरणी आणली, डबा रिकामा करून त्यात ते भरलं. पुढे शेजारणी आल्या की गाडी दाखवायला तीच पुढे असायची.

तुमच्या सासूबाईंनाही हेच करू द्या. गाडी गावात शिरली की हळदकुंकू वाहायला आणि नारळ फोडायला त्यांना सांगा. महालक्ष्म्यांच्या दर्शनाला गावातल्या बायका येतील, तेव्हा त्यांना गाडी दाखवायचं काम सासूबाईंचं. लोक काय म्हणतील याचं उत्तर त्यांच्याच तोंडून गावात गेलेलं बरं.

आता वावराचं. यजमानांना माझ्याकडून स्पष्ट सांगा, पोळा ते महालक्ष्म्या या दिवसांत गाडी वावरात न्यायची नाही. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते, टायरच्या नक्षीत गच्च बसते आणि मग चाक नुसतं जागेवर फिरतं. पांदणीतून ट्रॅक्टर जातो म्हणून आपली गाडी जाईल असं नाही. ती जड असते, पोट खाली असतं, आणि पाण्याची टाकी बहुतेक त्याच पोटाला लागून असते. एका सरीनंतर दोर लावून ओढायची वेळ आली तर आधी टाकीच फुटायची.

मारुतीच्या देवळापुढचा आखर दिसायला मोकळा असतो, पण पोळा तिथंच भरतो, तोरण तिथंच बांधतात. बैलांची जागा अडवून गाडी उभी केली तर गाव ते विसरणार नाही. सिमेंटचा रस्ता असेल तर त्याच्या कडेला, किंवा कोणाच्या मुरूम टाकलेल्या वाड्यात, मालकाला विचारून लावा. जवळ जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, असेल तर चौकशी करा. कापूस घरात यायला अजून वेळ असतो, त्यामुळे भाद्रपदात ते आवार रिकामं असतं आणि जमीन टणक. घरापासून थोडं चालावं लागलं तरी चालेल.

गल्लीत शिरण्याआधी छतावरच्या सोलर पॅनलसकट गाडीची उंची मोजून ठेवा. गावातल्या तारा लोंबलेल्या असतात. यजमानांनी आधी पायी चालून रस्ता बघावा, शंका वाटली तर वायरमनला विचारावं. काठीनं तार उचलून गाडी खालून काढणारे उत्साही लोक भेटतील, त्यांना हात जोडून नाही म्हणा.

वीज घरातून घ्यायची तर आधी अर्थिंग तपासा, वायर रिळावरून पूर्ण उलगडा, कारण गुंडाळलेली वायर तापते. गाडीचा एसी घराच्या जुन्या वायरिंगवर चालवू नका. शेतीपंपाच्या जोडणीवरून तर गाडीला वीज घ्यायचीच नाही, तो अनधिकृत वापर ठरतो आणि दंड मामाजींच्या नावावर येईल. पाण्याची टाकी येताना वाटेत कारंज्यातच भरून घ्या. गावात नळ रोज येईलच असं नाही, आणि सणाच्या घरात सासूबाईंनी भरून ठेवलेल्या टाक्यातलं पाणी गाडीत ओतणं बरं दिसत नाही.

गाडीतला संडास तेवढे दिवस बंद ठेवा. त्यातलं रसायन घरच्या शोषखड्ड्यात गेलं तर मैला कुजवणारे जिवाणू मरतात. नाल्यात किंवा धुऱ्यावर ओतायचा विचारही नको.

मामाजींचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तीसेक वर्षं एका घराची कवलं शाकारणाऱ्या माणसाला मुलानं घर सोडलं हे बोचणारच. समजावून ते जाणार नाही. त्यांना गाडीतून कुठंतरी न्या. या वयात माणसं प्रवास टाळतात त्याचं खरं कारण कोणी सांगत नाही. गुडघे दुखतात, आणि वाटेत लघवीला कुठं जायचं याची धास्ती असते. तुमच्या गाडीत संडास आहे, थांबून तासभर पाठ टेकायला बिछाना आहे. (त्या दिवसापुरता संडास उघडा, रसायन न घालता.) माझ्या सासऱ्यांनी बसचा प्रवास सोडला होता, आमच्या गाडीतून ते बहिणीला भेटायला तिच्या गावी गेले. मामाजींची एखादी बहीण, जुना मित्र, राहून गेलेलं देवदर्शन असेल, तर विचारा. शेगावचं नाव निघालं तर ऋषिपंचमी टाळा. गजानन महाराजांची पुण्यतिथी त्याच दिवशी असते आणि मोठ्या गाडीला उभं राहायला जागा मिळणं कठीण. गाडी चालू असताना मात्र त्यांना बेल्ट लावून सीटवरच बसवा, बिछान्यावर नको.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मामाजी बैलांची खांदमळणी करतील, म्हणजे त्यांचे खांदे चोळतील, तेव्हा नातीला जवळ उभी करा. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" हे तिनं त्यांच्याकडूनच ऐकावं. त्या वेळी तुम्ही दोघांनी लॅपटॉप बंद ठेवा.

निघायचा दिवस पोहोचल्या दिवशीच सांगून टाका. तो महालक्ष्म्यांच्या विसर्जनानंतरचा असू द्या, त्यांच्या जेवणाच्या दिवशी संध्याकाळी निघू नका. गाडीतला एक कप्पा येतानाच रिकामा ठेवा. तुरीची डाळ, कुरड्या, लोणचं मिळेल, जागा नाही म्हणायची पाळी येऊ नये. वजन वाढतं, तेव्हा कारंज्याला समृद्धी महामार्गावर चढण्याआधी चारही चाकांची हवा बघून घ्या. आणि पुढच्या खेपेला मे महिना नको. आपल्याकडचं ऊन पत्र्याच्या गाडीत सोसवत नाही. पौषात या, हुरड्याच्या दिवसांत. तेव्हा माती सुकलेली असते, यजमानांना हवी तर गाडी खुशाल वावरात लावू द्या.